कशिद्याची पाठ

सुनेच्या धंद्यात सासऱ्याने नाक खुपसू नये, एवढे शहाणपण मला निवृत्तीबरोबरच आले होते. पस्तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले. आता घरात कुणाला काही शिकवायचे नाही असे स्वतःलाच बजावून ठेवले होते. पण २०२४ सालची गोष्ट. तुळशीचे लग्न होऊन चार दिवस झाले असतील. सूनबाई माडीवर आली आणि म्हणाली, "मामा, जरा खाली येता? नक्षी निवडायची आहे."

आमचे घर शहापुरात. शहापूर म्हटले की जुन्या माणसांना साड्या आठवतात. आजोबांचा माग खालच्या सोप्यात होता. पाय सोडून बसायचा खड्डा, त्यावर माग. वडिलांच्या हयातीतच तो माग बंद पडला आणि मी मास्तर झालो. खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली, आणि आज त्याच फरशीवर सूनबाईचे भरतकामाचे यंत्र उभे आहे. एक डोके, पंधरा सुया. संगणकातून नक्षी घ्यायची, चौकटीत ताणलेले कापड खाली सरकत राहते आणि सुई एका जागी वरखाली होत मिनिटाला शेकड्यांनी टाके घालते. यंत्र कर्जाऊ आहे, हप्ता चालू आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे.

मडगावच्या एका बुटिकवाल्या बाईंची ऑर्डर आली होती. साठ स्वेटशर्ट. तीस नाताळासाठी आणि तीस काळे, संक्रांतीसाठी. स्वेटशर्ट म्हणजे बाहेरून विणीचा आणि आतून लवदार असा जाड सदरा. आमच्या बेळगावात मार्गशीर्षातल्या पहाटे तो खरोखर लागतो. मडगावात तो कशाला लागतो हे मला अजून उमगलेले नाही. पण बाईंची गिऱ्हाइके पुण्यामुंबईची, सुट्टीला येणारी. त्यांना ऋतू नको असतो, सण हवा असतो.

सूनबाईने पडद्यावर नक्ष्या दाखवायला सुरुवात केली. बर्फाची फुले, सूचिपर्णी झाडे, शिंगे फुटलेली हरणे, लाल टोपीचे म्हातारे. शेकडो. एकावर बोट ठेवले की किती टाके, किती रंग, किती वेळ, सारे खाली लिहून येते. मला पहिल्यांदा रागच आला. "बर्फ पाहिलाय का कुणी इथं?" मी म्हणालो. तिने शांतपणे विचारले, "मामा, मावशींच्या चंद्रकळेवर हत्ती आणि अंबारी आहे. मावशी कधी हत्तीवर बसल्या होत्या?"

यावर उत्तर नव्हते. नक्षी म्हणजे काही साक्षीदाराची जबानी नव्हे. न पाहिलेल्या गोष्टी अंगावर घेण्याचा माणसाला हक्क आहे. नाहीतर कोकणातल्या मुलाने चंद्राचे चित्रही काढू नये. तरी एक टोचणी राहिली, म्हणून मी माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. ते कॅम्पात राहतात, मूळचे गोव्याचे, कॅथलिक. आम्ही एकाच शाळेत वीस वर्षे एकमेकांचे डबे खाल्ले. त्यांना विचारले, नाताळाच्या सदऱ्यावर काय असावे? ते म्हणाले, म्हातारा घाला की, पोरांना आवडतो. मग थोडे थांबून म्हणाले, "क्रूस मात्र नको. सदरा धुण्याच्या दगडावर आपटतात. आमच्या घरी दाराला बांबूच्या काड्यांचा तारा टांगतात ना, नखेत्र, ते घाल. ते तुमच्या आकाशकंदिलाचंच भावंडं." त्यांनी एका वाक्यात जे निवडले ते मला पडद्यावरच्या शेकडो नक्ष्यांत सापडले नव्हते. तारा ठरला. त्या तीस सदऱ्यांची कथा इथेच संपते. त्यांत काही अडचण आली नाही. अडचण आली ती आपल्या सणाची.

संक्रांतीच्या नावाने पडद्यावर पतंग होते, आणखी पतंग होते, आणि 'तीळगूळ घ्या' अशी वळणदार अक्षरे होती. मला एकदम मावशीची चंद्रकळा आठवली. माझी मावशी वडगावात असते. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तरुणपणी तिने कसुती भरली, स्वतःसाठी आणि पैशांसाठीही. तिने भरलेली एक काळी चंद्रकळा आईला दिली होती, ती आमच्या ट्रंकेत आहे. काळ्यावर पांढऱ्या धाग्याने गोपूर, तुळशीवृंदावन, पाळणा, अंबारीचा हत्ती. संक्रांतीला काळे नेसायचे आणि त्यावर हलव्याचे पांढरे दागिने घालायचे, तसेच ते दिसते. यापेक्षा चांगली संक्रांतीची नक्षी कुठली असणार?

यंत्रासाठी नक्षीचे टाके संगणकावर मांडावे लागतात. या कामाला धंद्यात 'पंचिंग' म्हणतात. ते करणारा मुलगा अनगोळहून येतो. कन्नड शाळेत शिकलेला, चलाख, बोलायला मराठी. त्याने चंद्रकळेचा पदर टेबलावर पसरला, फोटो घ्यायला वाकला आणि थांबला. पदर उलटला, पुन्हा सुलटा केला. मग मला म्हणाला, "काका, याची उलटी बाजू कुठली?"

पन्नास वर्षे ती साडी घरात आहे. मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता आणि मलाही तो पडला नव्हता. मी चष्मा लावून पाहिले. मलाही सांगता येईना.

ज्यांना कसुती ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. इतरांसाठी सांगतो. कसुतीत कापडावर आधी काही रेखाटत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि मोजून सुई घालायची. टाके चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. यांतले गवंती आणि मुरगी हे असे आहेत की जाताना एक टाका वर, एक खाली अशी जागा सोडत जायचे आणि टोक गाठले की त्याच वाटेने परत यायचे. जाताना सोडलेल्या जागा येताना भरायच्या. सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही. पुढून जसे तसेच मागून. वाट चुकली, एक धागा कमी मोजला, तर परतीला ते उघडे पडते आणि उसवत मागे जावे लागते. युरोपातही हा टाका होता. सोळाव्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराने रंगवलेल्या माणसांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला त्याचेच नाव पडले. बाहीची कड दोन्ही बाजूंनी दिसते; तिला पाठ असून चालत नाही.

यंत्राचे याच्या नेमके उलट. यंत्राला धागे दोन. वरचा सुईतला, खालचा बॉबिनचा. दोघांची आत कुठेतरी गाठ पडते आणि पुढे गेले की गेले. वरचा धागा रंगीत, झळझळीत. खालचा बारीक, बहुधा पांढरा, कारण तो कुणी पाहायचा नसतो. ताण बरोबर असेल तर भरीव पट्टीच्या मागे मधला एक तृतीयांश भाग पांढरा दिसतो, हीच कारागिराची परीक्षा. म्हणजे यंत्राच्या धर्मात पाठ असते एवढेच नव्हे, तर ती कशी असावी याचाही नियम असतो. शिवाय स्वेटशर्टाचे कापड विणीचे, ओढले की लांबणारे. म्हणून मागे कागदासारखे अस्तर लावून मग भरावे लागते, आणि ते अस्तर नक्षीच्या कडेने कापून तिथेच राहू द्यावे लागते. वर एक पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्राही टाकतात, टाके लवेत बुडू नयेत म्हणून.

पहिला नमुना रंगीत धाग्यांत केला. लाल गोपूर, हिरवी तुळस. पुढून फारच छान दिसला. नातवाला घातला. तासाभराने पोर छाती खाजवत आले. आतून पाहिले तर अस्तराची कड आणि धाग्यांची टोके कातडीला लागून लाल झाले होते. सूनबाईचा चेहरा उतरला. मी तो सदरा घेऊन वडगावला मावशीकडे गेलो. कशासाठी गेलो? खरे सांगायचे तर मनातून मला वाटत होते की ती नाक मुरडेल, यंत्राला नावे ठेवील, आणि मला जे स्पष्ट म्हणता येत नव्हते ते ती म्हणून टाकील.

तिला आता बारीक दिसत नाही. तिने सदरा मांडीवर घेतला, पुढून बोट फिरवले, मग हात आत घातला. आतून बराच वेळ चाचपत राहिली.

"याला पाठ आहे की रे," ती म्हणाली.

"यंत्राचं काम, मावशी. असणारच."

"असू दे की. घालणाऱ्याला टोचत नाही न्हवं?"

टोचते, असे मला सांगावे लागले. यंत्र आणि हात, जुने आणि नवे, कला आणि धंदा यांवर मी वाटेत जो विचार केला होता तो सगळा तिथेच राहिला. तिने विचारलेला प्रश्न त्या कुठल्याच खणात बसत नव्हता.

परत आल्यावर अनगोळच्या मुलाला सांगितले. त्याने डोके चालवले. रंग नकोतच, म्हणाला. मूळ साडीवर पांढराच धागा आहे. आणि बॉबिनचा धागाही पांढराच असतो. एकेरी टाक्याने जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, तसे तो संगणकाला सांगू शकतो. म्हणजे गवंतीसारखेच. अस्तर पातळ घेऊ, कड बारीक कापू आणि आतून मऊ कापडाचा तुकडा इस्त्रीने चिकटवू. चिकटवण्याआधी त्याने मला दोन्ही बाजू दाखवल्या. पाठ आणि पोट मला जवळजवळ सारखेच दिसले. नातवाने तो सदरा दिवसभर घातला, रात्री काढायलाही तयार होईना.

आणि इथेच खरा प्रश्न उभा राहिला. आतापर्यंत यंत्राचे काम स्वतःच सांगत होते की मी यंत्राचे आहे. मागून पाहिले की झाले. आता ते सांगेनासे झाले. फरक बोटाला लागेनासा झाला की तो उरतो फक्त शब्दात. वस्तू गप्प बसली, आता विकणाऱ्याने काय बोलायचे?

मडगावच्या बाईंना नमुना फारच आवडला. त्यांनी कळवले की प्रत्येक सदऱ्याला एक चिठ्ठी अडकवू, तिच्यावर 'हाताने भरलेली अस्सल कसुती' असे छापू, आणि खाली परंपरेबद्दल चार ओळी. त्या चार ओळी माझ्याकडून हव्या होत्या. तुमचे सासरे मराठीचे मास्तर ना, त्यांनाच लिहू द्या, असा निरोप होता. हाताचे म्हटले की दर दीडपट मिळणार होता, त्यातला वाटा आम्हालाही.

'कसुती' या शब्दाची फोड कन्नड जाणणारे अशी सांगतात की 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत. यंत्रावरची कसुती म्हणजे हाताशिवायचे हातसूत. (आमच्या एका सीमालढ्यातल्या मित्राला वेगळीच काळजी पडली: 'कसुती' म्हटले तर ते त्यांचे आहे असे आपणच कबूल करणार का? मी त्याला म्हणालो, मावशी टाक्यांची नावे कन्नडमध्ये घेते, चुकल्यावर शिव्या मराठीत देते, आणि महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात तिच्या सुईबद्दल काही म्हटलेले नाही.) कसुतीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे कायद्याचाही एक कोपरा होता. पण कायदा काय म्हणतो हे पाहून वागणे म्हणजे नैतिक प्रश्न वकिलाकडे पाठवणे. तो मार्ग मी बाजूला ठेवला.

सूनबाईची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नव्हती. ती म्हणाली, घेणाऱ्याला नक्षी आवडली, ऊब मिळाली, टोचत नाही. त्याने जे पाहिले तेच त्याने घेतले. मावशींचे काही गेले नाही. आपल्याला चार पैसे मिळाले. मग यात रडले कोण? "आणि मामा, तुम्ही 'घरगुती' लिहिलेलं लोणचं खाता. ते कुठल्या घरात घालतात?"

मी वर येऊन यावर विचार करत बसलो. ज्या खोट्याने कुणाचेच नुकसान होत नाही ते खोटे वाईट का असावे? 'खोटे ते खोटे' हे उत्तर मी मुलांना देत आलो. पण ते उत्तर नाही, ते प्रश्नाच्या तोंडावर मारलेले दार आहे.

त्या दिवसांत गावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीची बोलणी चालू होती. टिळकवाडीत २६ आणि २७ डिसेंबरला ते भरले होते. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेले ते एकमेव अधिवेशन. त्याची विहीर अजून काँग्रेस रोडवर आहे, आणि शाळेत असताना आम्हाला ती दरवर्षी दाखवायला नेत. या अधिवेशनात एक ठराव झाला, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला २,००० वार सूत द्यावे, स्वतः कातलेले. मात्र आजारपण, अनिच्छा किंवा अशाच कारणाने जमत नसेल तर दुसऱ्याने कातलेले द्यावे. ही पळवाट तडजोडीची होती, पुढल्याच वर्षी ती अटही सैल झाली. पण मला ती पळवाट फार बोलकी वाटते. सूत तेच, वार तेवढेच, मोजून घेणाऱ्याला फरक कळणार नाही. मग स्वतः कातण्याचा आग्रह कशासाठी होता? कारण मागितले होते ते सूत नव्हते, तर त्या माणसाचे बसलेले तास होते. सूत ही त्या तासांची पावती. दुसऱ्याचे सूत देणारा पावती देत होता, तास देत नव्हता. मात्र त्यात खोटे नव्हते, कारण 'हे दुसऱ्याने कातलेले' असे म्हणायला ठरावानेच जागा ठेवली होती.

गांधीजी यंत्राचे शत्रू होते असे आपण सरसकट समजतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. सिंगरने बायकोला हाताने शिवत कष्टताना पाहिले आणि प्रेमापोटी यंत्र बनवले, म्हणून ते चांगले, असे त्यांचे म्हणणे. मावशीचे डोळे ज्याने पाहिले आहेत तो यंत्राला नावे ठेवणार नाही. कंदिलाच्या उजेडात काळ्या कापडाचे काळे धागे मोजायचे! तिच्या मैत्रिणींपैकी काहींनी चाळिशीतच सुई खाली ठेवली. तेव्हा यंत्राने नक्षी भरली याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. प्रश्न फक्त त्या चिठ्ठीचा.

विचार करता करता मला 'रडले कोण?' याचे उत्तर असे सुचले. सदरा घेणारा नाही, विकणारी नाही, मावशीही नाही. पण धारवाड-हुबळीकडे आजही हाताने कसुती भरणाऱ्या बायका आहेत. आमचा सदरा 'हाताची कसुती' म्हणून घेणारा माणूस उद्या त्यांच्यापैकी एकीच्या साडीपुढे उभा राहील, किंमत ऐकील आणि म्हणेल, एवढी? मी तर इतक्यात घेतली. वर तिच्या टाक्यातला कुठेतरी अर्धा धाग्याचा फरक पाहून म्हणेल, हे तितके सरळ नाही, नक्कल असावी. म्हणजे आमच्या खोट्याने तिचे खरे खोटे ठरेल. तिला हे कधी कळणार नाही, आम्हाला ती कधी भेटणार नाही. नुकसान होते ते अशा माणसाचे, जो सौद्याच्या खोलीत नसतो. या सौद्याचीही एक पाठ होती, आणि ती आम्हा कुणालाच टोचत नव्हती.

नकलेबद्दलही मन थोडे खात होते. आम्ही मावशीचा नमुना घेतला, मावशीनेही तो कुणाचा तरी घेतलाच होता. ती सांगते, देवळात आरतीच्या वेळी पुढच्या बाईच्या पदराकडे बघत ती धागे मोजून घ्यायची, घरी येऊन भरायची. कुणी कुणाला विचारत नसे. मग आमचे काय चुकले? मला वाटते, फरक इतकाच की तिच्या नकलेला तिचे महिने लागत. उचललेली नक्षी ती आधी मोलाने फेडायची आणि मगच ती तिची व्हायची. आमच्या मुलाने ती एका दुपारी संगणकात भरली, आणि आता ती कुठल्याही यंत्राला एका बोटाने देता येते. हे चोरी ठरते असे मी म्हणत नाही. फक्त 'पूर्वीही असेच चालायचे' हा बचाव वापरताना जीभ थोडी अडखळते.

तयार सदरा घेऊन मी पुन्हा वडगावला गेलो. मावशीने पुढून चाचपले, आतून चाचपले, मऊ तुकड्यावरून हात फिरवला.

"टोचत नाही," ती म्हणाली. मग बोटाने नक्षीच्या कडेने गेली. "परत आलंय का?"

"आलंय. जाऊन परत आलंय."

"बरं केलंय की मग."

मी चिठ्ठीचे सांगितले. ती हसली. "मी केलं म्हणून विकू नका रे बाबा. माझ्या हाताला एवढं सरळ कधी येत नव्हतं."

मडगावच्या बाईंचा फोन त्याच संध्याकाळी आला, चार ओळींसाठी, माझ्याच नावाने. मी त्यांना सांगितले की चिठ्ठी मी अशी लिहीन: 'यंत्रावर भरलेली नक्षी. नमुना शहापुरातल्या एका जुन्या चंद्रकळेवरचा. मूळ काम हाताचे.' त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सर, असं लिहिल्यावर कोण घेणार? मी म्हणालो, तो प्रश्न तुमचा. हे वाक्य मला तेव्हा फार चांगले वाटले होते.

त्यांनी नाताळाचे तीसही घेतले. काळ्यांपैकी बाराच घेतले, तेही साध्या दराने. अठरा राहिले.

सूनबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "मामा, नाही म्हणायचं होतं तर मीही म्हणाले असते कदाचित. पण तुम्ही मला विचारलं नाहीत."

तिने आवाज चढवला असता तर बरे झाले असते. मला माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला मिळते. खरे बोलण्याची किंमत गेली ती तिच्या यंत्राच्या हप्त्यातून. त्या ठरावातल्या माणसासारखे मीही दुसऱ्याने कातलेले सूत वर्गणी म्हणून दिले होते. आणि माझ्या बाबतीत तर 'हे दुसऱ्याचे आहे' असे सांगायचेही मी विसरलो होतो. धारवाडच्या न पाहिलेल्या बाईचा विचार करताना घरातली बाई माझ्या हिशेबात आली नव्हती. चिठ्ठीवर काय लिहायला हवे होते याबद्दल माझे मत आजही बदललेले नाही. पण ते मत फोनवर सांगण्याचा हक्क मला होता का, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही. कर्तव्य आपले आणि खर्च दुसऱ्याचा, असे झाले की ते कर्तव्य उरते का? मास्तरकीत हा प्रश्न कधी आला नाही. तिथे खर्च नेहमी मुलांचाच असायचा.

अठरांपैकी अकरा सदरे संक्रांतीपर्यंत शहापुरातच गेले. शेजारच्या बायकांनी पोरांसाठी घेतले, चिठ्ठी न वाचताच. एकीने मात्र ती वाचून विचारले, जुनी चंद्रकळा बघायला मिळेल का? सूनबाईने ट्रंक उघडून दाखवली. ती बाई पदर उलटसुलट करत बराच वेळ बसली आणि सदरा न घेता गेली. उरलेले सात ट्रंकेतच चंद्रकळेवर ठेवले आहेत.

परवा सूनबाई पुन्हा माडीवर आली. यंदाची ऑर्डर आली आहे, दुसऱ्या कुणाची. "मामा, नक्षी निवडायची आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी मात्र मी लिहिणार."

मी चष्मा घेतला आणि खाली गेलो. नक्षी आम्ही दोघांनी निवडली, पाळण्याची. चिठ्ठीवर तिने काय लिहिले ते मी अजून विचारलेले नाही.